सासू-सुनेचा कोयता

वडवणीच्या अलीकडच्या आमच्या गावात छबुबाईला एकाच गोष्टीचा ताठा होता. "माजा आदिनाथ बायकोवर हात उचलत न्हाई," हे ती पिठाच्या गिरणीवर, बाजारात, कुणी न विचारताही सांगायची. तिचं तरी काय चुकलं? नवरा आश्रुबा होता तोवर तिनं मारच खाल्ला. एकदा त्यानं मोडलेलं मनगट वाकडंच जुळलं. मार म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक. मार नाही म्हणजे सुख, एवढंच तिचं माप.

सून वनमाला लिंबागणेशची. तिचा फोन कायम आदिनाथच्या खिशात. आईशी बोलायचं तर त्याच्यासमोर, स्पीकर लावून. तो रुसला की जेवायचा नाही, आणि तो जेवला नाही की तिनंही जेवायचं नाही. "लई जीव हाय त्याचा तिच्यावर," छबुबाई म्हणायची. आम्ही शेजारणी माना डोलवायचो. घरोघरी मातीच्या चुली म्हणून सोडून द्यायला आमचं काय जातं?

दसऱ्याच्या आधी वनमालाला ताप भरला. आदिनाथ कशावरून तरी रुसून सिरसाळ्याला गेला होता. छबुबाईनं दुधात भाकरी कुस्करून सुनेपुढं ठेवली. ती हात लावीना.

"ते जेवल्याबिगर नगं, आत्या."

"अगं, तो हितं हाय कुटं?"

"विचारतेत मग, जेवलीस का म्हनून. त्याचा ऊसतोडीवर लई तरास व्हतो."

"मारतो?"

"मारत न्हाईत. कोपीच्या बाहीर बसवतेत. आत ये म्हणंस्तोवर थंडीत बसायचं."

कोपी म्हणजे ऊसतोडीवरची पाचटाची झोपडी. छबुबाईनं सुनेला स्वतःच्या हातानं भरवलं. लाज तर वाटलीच, पण पोराचा राग असा आला की मला हे सांगताना तिनं त्याला दोनदा शिवी घातली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिच्याच घरात चालला होता आणि वळ दिसत नाहीत म्हणून ती गावभर तारीफ करत फिरली होती.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. जोडी फुटली की कोयता फुटला, म्हणून मुकादमाला जोडप्यांची भांडणं मिटवायची भारी हौस. बंकट मुकादम जोड्या ठरवायला छबुबाईच्या ओसरीवर आला तेव्हा मी तिथंच शेंगा निवडत होते.

छबुबाई म्हणाली, "औंदा आमच्या घरचा कोयता माजा आन वनमालाचा. आदिनाथ हितं म्हशी बघील."

बंकट हसला. "बायकाबायकांचा कोयता? मोळ्या कोन वाहनार?"

"आजवर कोन वाहत व्हतं?"

डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरवर चढणाऱ्या बायकाच असतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

कोपऱ्यात बसलेला आदिनाथ उठला. "कावून पन? म्या मारलं का हिला?"

"त्येच तर," छबुबाई म्हणाली. "मारलं असतंस तर म्या पैल्याच दिवशी वळखलं असतं."

"माजी बायको हाय ती. माज्यासंगंच येईल."

बंकट दाराकडं वळला. "तू काय म्हंतीस, वनमाला?"

"ती काय म्हननार? ए, तू गप बस," आदिनाथ म्हणाला.

दारात उभी वनमाला उंबरा ओलांडून ओसरीवर आली.

"म्या आत्यासंगं जानार," ती म्हणाली. "मुकादम, गाडी कोन्च्या दिवशी निघनार हाय?"