न मिळालेल्या भरपाईची पावती

काकांचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, आता सोडा. मी सोडलेलं नाही.

पुसेगावच्या शिवारात काकांचं पाच एकर रान आहे. बरीच वर्षं ते मी ठोक्यानं केलं. पाडव्याला ठरलेली रक्कम त्यांच्या हातात द्यायची, मग पिकलं तरी माझं आणि बुडालं तरी माझंच. काका नात्यातले नव्हेत. आमच्याच गावचे, वयानं मोठे, म्हणून काका. नोकरीतून निवृत्त होऊन संभाजीनगरला घर बांधून राहिलेले. पहिल्याच वर्षी त्यांनी एक अट घातली होती: माझं नाव कागदावर कुठंच येता कामा नये. सातबाऱ्यावर, पीकपाहणीत, सगळीकडं त्यांचंच नाव. "उद्या कूळ म्हणून हक्क सांगशील, बाबा," असं हसत म्हणायचे. मला त्यांची जमीन नको होती, कसायला मिळाली तरी पुष्कळ होतं. मी मान हलवली.

मग आमच्या शिवारातून विजेची मोठी लाईन निघाली. टॉवर नेमका रानाच्या मधोमध. मशीन आली तेव्हा सोयाबीनच्या शेंगांत दाणे भरून राहिले होते. मी बांधावर आडवा उभा राहिलो. म्हटलं, "थोडे दिवस थांबा, माल काढून घेतो."

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मालकाची संमती झालीय. तुमचा काय संबंध?"

माझा काय संबंध! नांगरणी माझी, बियाणं माझं, फवारणी करताना पाठीला आलेले फोड माझे. मशीन सरळ पिकात घातली. तारा ओढायला आलेल्या ट्रॅक्टरांनी उरलेलं तुडवलं. बायको चाकोरीत बसून मातीतल्या हिरव्या शेंगा वेचत होती. त्या शेंगांचा काही उपयोग नव्हता, हे तिलाही माहीत होतं. तरी वेचत होती. मला ते बघवलं नाही.

पंचनामा झाला तो काकांच्या नावानं. टॉवरखालच्या जागेचा मोबदला आणि पिकाची नुकसानभरपाई, दोन्ही त्यांच्याच खात्यात जमा झाले. मी फोन केला. "काका, जागेचे तुमचे. पिकाचे तेवढे आमाला द्या."

"अरे, टॅक्स कापून आलेत पैसे. त्याचं काय करायचं ते आधी बघू दे. पळून चाललोय का मी?"

मी फोन ठेवला. टॉवरभोवतीची माती दबून दगडासारखी झाली होती. तिच्यात हरभरा पेरला, तो उगवला नाही.

उन्हाळा सरता सरता काकांचाच फोन आला. हिंगोलीला टॅक्सचं काम बघणाऱ्या वकिलाकडं या म्हणाले. बायको धुतलेलं लुगडं नेसून माझ्याबरोबर जीपमध्ये बसली. "देतेत वाटतं," वाटेत एकदाच म्हणाली.

ऑफिसात काका आधीच बसलेले. आमच्यासाठी चहा सांगितला. वकिलांनी समजावून सांगितलं, अगदी गोड आवाजात. कंपनीनं कर कापल्यामुळं रक्कम आयकर खात्याला दिसते. जागेचे पैसे वेगळे दाखवायचे, पिकाचे वेगळे. पण पिकाचे पैसे काकांना स्वतःचं शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवता येत नव्हते, कारण दरवर्षीच्या विवरणात त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं की शेत ठोक्यानं दिलंय.

म्हणजे मी होतो. गावच्या कागदावर नव्हतो, पण काकांच्या टॅक्सच्या कागदावर दरवर्षी होतो!

"म्हणून पिकाची भरपाई कसणाऱ्याला दिली असं दाखवू," वकील म्हणाले. पावती माझ्यापुढं सरकवली. "इथं सही करा. तुम्हाला कर लागणार नाही, काळजी नको."

"आन् पैसे?" बायकोनं विचारलं.

वकिलांनी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, "पैसे कसले? घराच्या कामात गेले. ही नुसती सही आहे गं. पुढच्या ठोक्यात बघू काहीतरी."

मी उभा राहिलो, खुर्ची मागं पडली. "काका, पीक तुडवलं तवा मी कोणी न्हवतो. पंचनाम्यात कोणी न्हवतो. आता तुमचा टॅक्स वाचवायचाय तर मी शेतकरी झालो व्हय? पैसे द्या, आत्ता सही करतो. न्हाईतर जे घडलं ते लिवा."

"आवाज खाली," काका म्हणाले. "इतकी वर्षं रान दिलं तुला."

"फुकट दिलं काय?" बायको म्हणाली. तिचा चहा तसाच होता. ती उठली आणि जिना उतरू लागली. मीही उतरलो.

काकांनी शेवटी सगळी रक्कम स्वतःचीच दाखवली आणि कर भरला, असं ऐकलं. गावभर मात्र सांगत सुटले की माझ्यामुळं त्यांना भुर्दंड बसला. पाडव्याला पैसे घेऊन गेलो तर दारातूनच म्हणाले, "रान दुसऱ्याला दिलं."

आता आम्ही कनेरगाव नाक्याजवळ एका मुसलमान कुटुंबाचं शेत करतो. बोलणी चालू असताना बायकोनं घरातल्या म्हाताऱ्या चाचींना सरळच विचारलं, "उभ्या पिकात कोणी मशीन घातली तर भरपाई कुणाची?" चाची म्हणाल्या, "जिसका नुकसान, उसकी. लेकाला सांगते, लिहून देईल." लिहून दिलं.

मागच्या महिन्यात सेनगावला एका लग्नात काका भेटले. खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय रे, बरं चाललंय ना?" चार लोक बघून राहिले होते. मी त्यांचा हात धरून खाली केला आणि न जेवता मांडवाबाहेर निघालो. बायको काही उठली नाही. पंगतीत बसून ती पोटभर जेवली, आणि वर मलाच म्हणाली, "आपण काहून उपाशी ऱ्हायचं?"