तलाव पोहून गेलेला वाघ

साग-ऐनाच्या जंगलातल्या त्या तलावकाठच्या इंग्रजी अमदानीतल्या विश्रामगृहात परवा पुन्हा गेलो. खानसामा रामदासभाऊ चहा ओतत होते आणि बघत होते पाण्याकडे. कप भरून चहा बशीत सांडला, तरी त्यांची नजर हलली नाही.

"काय बघताय, रामदासभाऊ?"

"तुमचा वाघ जी."

दिसलेली जनावरं पाहुण्यांनी लिहून ठेवायची, अशी इथे एक वही असते. वीस वर्षांपूर्वी मी तीत ऐटीत लिहिलं होतं, 'संध्याकाळी वाघ तलाव पोहून गेला.' खरं तर दिसली होती एक म्हैस, तीही काठावर बसलेली. मित्र हसून लोळले आणि घरी पोचेपर्यंत विसरलेही. माझ्या थापेवर विश्वास ठेवून कुणी मागे थांबलं असेल, हे मला, जन्मभर किस्से रंगवणाऱ्याला, कधी सुचलंच नाही.

"पुढच्या महिन्यात रिटायर होतो जी. एकदा तरी पाहाचा होता. कोणत्या बाजूनं निघाला होता?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण ते इतक्या आशेनं बघत होते, की माझा हात आपसूक वर गेला.

"त्या वाकलेल्या जांभळाखालून."

रामदासभाऊंनी आपलं स्टूल तिकडे वळवलं.