मठ्ठ्याने विझवलेली आग

चहा घ्या आधी. हे ऐकल्यावर तुम्ही मला कुठल्याही सहलीला नेणार नाही, पण सांगून टाकतो एकदाचं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मी भोपाळहून बदलून आलेला, शंकर नगरात राहणारा सरकारी बाबू. मूळचा वर्ध्याकडचा, त्यामुळे थंडी सरता सरता रानात जाऊन गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे लावायचे हा आमचा कुळधर्मच. चार मराठी घरं मिळून गोवऱ्या, वांगी आणि मठ्ठ्याने भरलेला मोठा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन महासमुंदच्या वाटेवरच्या जंगलात गेलो.

तिथल्या वनरक्षकाने, नेताम त्याचं नाव, बसायला चांगली सावली दाखवली. एवढंच म्हणाला, "भैया, चूल्हा खुली जमीन पे लगाना. उधर चार के छोटे पौधे हैं, उनको बचा के." चार म्हणजे आपलं चारोळीचं झाड. गावाने जपून वाढवलेली रोपं होती. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "आप बेफिकर रहिए."

रोडगे भाजून झाले तसा मी पळसाची आणखी पानं आणायला गेलो. परततो तर काय, वाटेच्या कडेने पाला पेटलेला. जवळ चिटपाखरू नाही. आणि आग निघालेली थेट त्या रोपांकडे. आता सांगा, शब्द दिलेला माणूस काय करेल?

मी धावत येऊन पाण्याचे कॅन उचलले. आमचे शेजारी देशमुख माझ्या मागे धावले. पाणी संपलं, तसा मी मठ्ठ्याचा गंजच उचलला.

"अहो, तो काहून नेऊन राहिले? ऐका तर," बायको म्हणाली.

"तिकडं जंगल जळून राहिलं, अन् तुले मठ्ठ्याची पडली?"

जिरं-कोथिंबिरीसकट सगळा मठ्ठा आगीवर ओतला. विझली बरं का. मी घाम पुसत उभा होतो, तेवढ्यात अर्धा रोडगा हातात घेऊन नेताम धावत आला.

"आगी ला कोन बुताइस?" विझवली कोणी, असं विचारत होता तो.

"मैंने," मी म्हटलं. पेपरात येणार असेल तर नाव नीट छापा, हेही ओठांवर आलं होतं.

नेताम मटकन खालीच बसला. आग त्यानेच लावली होती. उन्हाळ्याआधी असा एक पट्टा मुद्दाम जाळून मोकळा करतात, म्हणजे पुढे वणवा आला तर त्याला खायला पाला मिळत नाही आणि तो तिथंच थांबतो. मग हा आग सोडून गेला कशाला? तर माझ्याच बायकोने त्याला आणि त्याच्या माणसांना हाताला धरून जेवायला बसवलं होतं. "गरम गरम खाऊन घ्या भैया, आग कुठं पळून नाही चालली." बिचारे बायकांत लाजून ओढ्याकाठी जाऊन जेवत होते. वऱ्हाडी आग्रहापुढे वनखात्याचं काय चालणार?

ओला पाला काही केल्या पेटेना. "सूखने दो, फिर जला लेंगे," नेताम म्हणाला. पण लगेच वारे सुटले, आणि वाऱ्यात आग लावायची कोणी हिंमत करत नाही. तो तुकडा तसाच राहिला.

एप्रिलमध्ये देशमुखांनी बातमी आणली की तिकडे वणवा लागलाय. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवला होता, तो पसरला. मी तसाच उठलो. स्कूटर काढली आणि निघालो.

वणवा जाळलेल्या पट्ट्याशी सगळीकडे थांबला होता. मी वाचवलेल्या तुकड्यातून तेवढा आत शिरला होता आणि अजून पुढे सरकत होता. मोठी झाडं तगली, पण चाराची रोपं बरीचशी उभ्या उभ्या काळी पडली होती. फार वाईट वाटलं हो. आजही वाटतं.

निदान उरलेली तरी वाचवू म्हणून एक हिरवी फांदी तोडली आणि समोरच्या आगीला झोडपायला लागलो. मागून कोणीतरी माझं मनगट धरलं. बघतो तर नेताम. येणाऱ्या वणव्याला समोरून अडवायला ती आग त्याच्या माणसांनी आत्ताच लावली होती.

त्याने फांदी काढून घेतली, मला जीपमध्ये बसवलं आणि दार बाहेरून लावलं.

"आप बस यहीं बैठिए भैया," तो हात जोडून म्हणाला. "आज आपकी इतनी मदद बहुत है."