चुकीच्या नंबराचा प्लग

द्वारकाबाई खुलताबादकडच्या वाड्या-वस्त्यांवर नर्स होत्या. शहाऐंशी साली त्यांची मोपेड चार-आठ दिवसांनी बंद पडायची. शहरातले गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकानदार काकासाहेब दर वेळी नवा स्पार्क प्लग द्यायचे आणि वर सुनवायचे, "बाई, तुम्ही भीतभीत चालवता. प्लग काळा पडणारच."

भाद्रपदात डोंगरावरच्या वस्तीतल्या वच्छलाबाईंच्या सुनेचे दिवस भरले. निरोप येताच द्वारकाबाई निघाल्या. अर्ध्या चढावर गाडी बंद. प्लग काढून पदरानं पुसला, तरी चालू होईना. पिशवी खांद्याला मारून दोन तास चालल्या. पोहोचल्या तेव्हा मूल गेलं होतं. पायाळू होतं. सून कशीबशी वाचली.

वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमचा काय दोष, बाई?"

त्या शब्दांमुळे द्वारकाबाईंना रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी त्यांनी गाडी ढकलत खुलताबादच्या मेकॅनिक फकिराकडं नेली. त्यानं प्लग उन्हात धरला. "ह्यो मोठ्या गाडीचा हाय, बाई. आटे सारखे, म्हून बसतो. पण तुमच्या इंजनाला लई थंड, पुरता तापतच नाय. तेल जळत नाय, साचून ऱ्हातं." पांढऱ्या चिनीमातीवर बारीक नंबर होता. घरी जाऊन पाहिलं, तर गाडीच्या पुस्तकात दुसराच होता. ते पुस्तक तीन वर्षं पेटीत तसंच पडलेलं. द्वारकाबाईंनी आधी स्वतःलाच शिवी घातली, मग शहराची बस पकडली.

काकासाहेबांच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. द्वारकाबाईंनी काळा प्लग काउंटरच्या काचेवर आपटला.

"ह्यावरचा नंबर वाचा."

"बाई, नंबराचं काय? बसला ना?"

"बसतो म्हणून कोणतंही औषध टोचते का मी? तुमच्या ह्या प्लगापायी एक लेकरू गेलं!"

काकासाहेबांचा चेहरा पडला. "मला काय ठाऊक..."

"ठाऊक नव्हतं, तर माझ्या चालवण्याला नावं का ठेवलीत?"

काकासाहेबांनी प्लगांचं खोकं पुढं सरकवलं. द्वारकाबाईंनी एकेक नंबर पुस्तकाशी ताडून दोन प्लग घेतले.

आरोग्य केंद्राच्या पुढच्या मासिक बैठकीत त्यांनी आपली मोपेड अंगणात उभी केली आणि सगळ्या नर्सना बोलावलं. एक जण हसली, "आता आपण काय मेकॅनिक व्हायचं का?"

द्वारकाबाईंनी पाना तिच्या हातात कोंबला.

"खोल."