तिसऱ्या दिवशी विचारलेली खुशाली

मिनेसोटातल्या त्या गावात आर्डिस शाळेचा स्वयंपाक करायची. दर हिवाळ्याआधी फ्लूची लस घ्यायची, तीही मर्नाकडूनच. मर्ना दवाखान्यात नर्स, आणि चर्चमध्ये गाताना तिच्या शेजारी उभी राहणारी मैत्रीण. यंदा सुई खांद्यात फार वर घुसली. त्याच संध्याकाळपासून आर्डिसचा उजवा हात वर जाईना.

तिने भरपाईचा दावा लावला. भरपाई सरकारी निधीतून मिळणार होती, मर्नाला तिची झळ बसणार नव्हती. दुखणं दोन दिवसांच्या आत सुरू झालं, एवढंच दाखवायचं होतं. पण आर्डिसच्या वकिलाने तिला मर्नाचा लेखी जबाब वाचून दाखवला: "तिसऱ्या दिवशी चर्चच्या जेवणात मी विचारलं, हात कसा आहे? ती म्हणाली, बरा आहे."

म्हणाली होतीच. त्या गावात पाय प्लास्टरमध्ये असला तरी माणूस 'बरं आहे' म्हणतो. रडगाणं गाणारा तिथे असंस्कृत ठरतो. हे मर्नाला कुणी शिकवायला नको होतं. त्याच जेवणात आर्डिसला डाव्या हाताने भांडं सावरेना, तेव्हा मर्नानेच तर ते तिच्याकडून काढून घेतलं होतं.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत, मर्ना जवळ आली.

"अबोला धरलास होय गं? मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. बरं, खांदा कसा आहे?"

"दुखतोय," आर्डिस म्हणाली. "पहिल्या दिवसापासून दुखतोय. आता हेही लिहून दे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांना लाज वाटली होती ती आर्डिसची.