वरचा डावा कोपरा

तुमच्या आईला डोळे तपासून घ्यायला सांगा. हे मला सगळ्यात आधी लिहायचे आहे, म्हणजे बाकीचे वाचायचा कंटाळा केलात तरी चालेल. मी फोनवर सांगून पाहिले. "बघते गं आई. मला सगळं स्वच्छ दिसतं," असे उत्तर आले. मलाही सगळे स्वच्छ दिसत होते. दिसत नाही हे मला तुमच्या खेळण्याने सांगितले. ते कसे, ते आता सांगते.

सुट्टी संपवून तुम्ही गेलात आणि पाहुण्यांच्या खोलीतली पांघरुणे घडी करताना मला ते सापडले. पुस्तकासारखे उघडणारे, वर एक पडदा, खाली एक पडदा, आणि कडेला खोचलेली काडीसारखी पेन. तुम्हाला लगेच कळवले, तर धाकट्याने सांगितले, "राहू दे आजी, तूच खेळ. प्राण्यांचा आहे, सोपा आहे."

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवली आणि पत्त्यांच्या डावालासुद्धा कधी बसले नाही. सोपा आहे म्हणून उघडून पाहिला. हत्ती, माकड, पांडा, जिराफ, पाणघोडा, सगळे चौकोनी तोंडाचे, ओळीने बसलेले. शेजारच्या दोघांची अदलाबदल करायची, एकासारखे एक तीन ओळीत आले की ते टुणकन नाहीसे होतात आणि वरून नवे पडतात. खाली वेळेची पट्टी आटत जाते. पसारा आवरायचाच खेळ तो. माझ्यासारखीला त्याचा नाद लागावा यात नवल नव्हते, पण किती लागावा याला काही सुमार? कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात. दूध उतू गेले, आणि आमच्या ओट्यावर याआधी दूध उतू गेल्याचे मला आठवत नाही. भाजीवाल्याच्या हातगाडीवर वांगी आणि टोमॅटो शेजारी शेजारी पाहून माझे बोट आपोआप हलले. मी स्वतःलाच पाहून हादरले.

खेळायची माझी वेळ दुपारची. आमच्या घरात जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायचे, ही तुमच्या पणजोबांची शिस्त. ते फुलंब्रीहून इथे राहायला आले तेव्हा बैलगाडी सोडली, शेत सोडले, वामकुक्षी सोडली नाही. लग्न होऊन आल्यापासून मीही ती पाळत आले. पूर्वी पडल्या पडल्या वर्तमानपत्र वाचायची. आता चष्मा काढून ठेवायचा, कारण जवळचे मला चष्म्याशिवाय दिसते, यंत्र तोंडासमोर आडवे करून शालीच्या घडीला टेकवायचे, आणि उजव्या हातात पेन.

"सिद्धार्थ उद्यानातले वाघसुद्धा दुपारी झोपतात," तुमचे आजोबा दारातून म्हणायचे. "तुझे प्राणी कधी झोपायचे?"

"तुम्ही झोपा. त्यांच्यात वाघ नाही."

मग खंडेनवमी आली. आजोबांच्या लेखी घरातले जे जे काम करते ते सगळे त्या दिवशी पाटावर बसते. स्कूटर दारातच उभी, पण विळी, कात्री, शिलाई मशीन, मिक्सर, स्क्रू ड्रायव्हर आणि माझा लॅपटॉप या सगळ्यांना झेंडूचे फूल आणि हळदी-कुंकू. यंदा त्यांनी तुमचे खेळणेही उघडून मांडले. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत त्याच्यावर पळीभर पाणी शिंपडून, हळद-कुंकवाची बोटे ओढून, वर अक्षता टाकून झाल्या होत्या.

"अहो, पडद्यावर!"

"मग कुठं लावू? दिवसभर तूच त्याच्यावर राबतीस. खरं हत्यार तर हेच हाय घरातलं."

पूजेला लावलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नसते. मी वापरली नाही, पण दिवसभर हात कसे शिवशिवत होते ते सांगायची लाज वाटते.

दसरा झाल्यावर पुन्हा खेळायला घेतले, वरच्या पातळीवर वेळेची पट्टी भराभर आटू लागली आणि डाव लवकर लवकर संपू लागले. डाव हरला की कुठली जोडी सुटली ते यंत्र चमकवून दाखवते. दर वेळी चमकायचा तो वरचा डावा कोपरा. एकदा तीन पांडा, एकदा पाणघोडे. मुद्दाम नजर नेऊन पाहिले की ते तिथे असत. खेळताना मात्र नसत. मी ताडले की कुंकू त्या कोपऱ्यात शिरले असणार आणि तेवढ्या भागात चित्र उशिरा उमटत असणार. कापसाच्या बोळ्याने पुसून पाहिले. फरक पडेना. मग मी आजोबांना जे बोलले ते तुम्ही ऐकले नाहीत हे बरे झाले.

"पूजा केलीत ना? आता त्याचं वर्षश्राद्धही तुम्हीच घाला. मुलांना काय तोंड दाखवू मी?"

ते खेळणे पिशवीत घालून पैठण गेटला दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने ते उघडले, फुंकले, आणि हसून म्हणाला, "अंकल, मशीन एकदम ओके है. हल्दी कायको लगाए इसको? इसका शादी था क्या?" हे आजोबांनीच घरी येऊन नक्कल करून सांगितले, आणि मग जेवणाच्या टेबलाशी बसून माझ्यासमोर खेळून दाखवले.

"हे बघ. वर डावीकडं, माकड. उडालं का न्हाय?"

मी ओढून घेतले. खुर्चीत बसून खेळले तर मलाही सगळे दिसले, कोपरा स्वच्छ. त्यांची माफी मागायला हवी होती, पण दुसऱ्या दिवशी दुपारी आडवी झाले आणि कोपरा पुन्हा गायब.

"अहो, इकडे या! हे आडवं केलं की बिघडतंय. आतली तार सैल आहे!"

ते आले. मला उठवून माझ्या जागेवर तसेच डाव्या कुशीवर पडले, चष्मा सावरत थोडे खेळले. "मला तर दिसतंय की सगळं." मग काय मनात आले कोण जाणे, म्हणाले, "तू उजव्या कुशीवर पडून बघ बरं."

मी पडले. कोपरा आला. हत्ती, त्याच्याशेजारी जिराफ, सगळे जागच्या जागी.

"यंत्राला कूस कळती व्हय?" म्हणून ते हसले. मी हसले नाही. डाव्या कुशीवर पडले की डावा डोळा उशीत जातो. त्या खेळात इतके दिवस मी फक्त उजव्या डोळ्याने पाहत होते.

मी उठून बसले, चष्मा लावला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर रोखली. घड्याळाच्या डावीकडे जरा वर पणजोबांचा फोटो आहे, चंदनाच्या हारातला. तो नव्हता. काळा डाग नव्हता, धूसर काही नव्हते. त्या जागी भिंत होती, तिचा तो फिकट पिवळा रंगसुद्धा होता. माझ्या डोळ्याने फोटो काढून तिथे भिंत सारवून ठेवली होती, इतकी बेमालूम, की मी ती फ्रेम रोज पुसते आणि मला पत्ता नाही. हात काढला की सासरे हजर. झाकला की गेले. मी कितीतरी वेळ हात लावत आणि काढत राहिले. आजोबा समोर उभे राहून "काय झालं, अगं काय झालं" विचारत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसवले. मधल्या ठिपक्याकडे बघायचे आणि कडेला कुठेही प्रकाश लुकलुकला की बटण दाबायचे. मला वाटले, हा तर आपलाच खेळ, यात आपण तरबेज. मध्ये मध्ये यंत्र थांबते आहे असे वाटले. मी तसे सांगितलेही. ते थांबत नव्हते. छापून आलेल्या कागदावर न दिसलेली जागा काळी उमटते. डाव्या डोळ्याचे चित्र जवळपास कोरे होते आणि उजव्याच्या वरच्या डाव्या भागात काजळ सांडल्यासारखा काळा पट्टा.

"काचबिंदू आहे. मोतीबिंदूसारखा काढून टाकता येत नाही. मागची नस गेली तेवढी गेली, ती परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "उरलेलं थेंबांनी सांभाळू. दोन डोळे एकमेकांचं झाकून घेतात, म्हणून माणसं खूप उशिरा येतात. तुम्ही लवकर आलात. कळलं कसं?"

मी पाणघोड्यांचे सांगितले. त्यांनी लिहायचे थांबवले.

"घरात आणखी कुणाला होतं?"

नाही, असे मी म्हणणार होते. तेवढ्यात मला वैजापूरची माझी आई दिसली. शेवटच्या वर्षांत ती चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायची आणि तो खाली पडला की चकित होऊन बघत राहायची. दाराच्या एकाच बाजूला तिचा खांदा लागायचा. सगळे म्हणत, म्हातारपण. मी ते सगळे बाईंना सांगितले.

"मुलगी आहे?" बाईंनी विचारले. "चाळिशी ओलांडली आहे? मग तिचा डोळ्याचा दाब आणि नस, दोन्ही तपासायला हवं. दिसतंय म्हणाली तरी."

म्हणून हे सगळे लिहिले. आता दिवेलागणीला आजोबा मला थेंब घालतात. "हलू नको, पाणघोडा पळून जाईल," म्हणतात, आणि पहिला थेंब हमखास माझ्या गालावर पाडतात. दुपारी मी अजूनही डाव्या कुशीवरच पडते, पण यंत्र कपाटात असते. खेळायचे तर टेबलाशी, दोन्ही डोळ्यांनी.

धाकट्याने परवा विचारले की ते परत मिळेल का, कारण मी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर गेले हे त्याला सहन होत नाही. मिळेल. पण आधी तुमच्या आईला एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर पाडा, फोनवर कुठलातरी असाच खेळ तिच्या हातात द्या आणि कुठला कोपरा सुटतो ते बघा. काहीही सुटले नाही तरी तिला डॉक्टरकडे घेऊन जा आणि त्या कागदाचा फोटो मला पाठवा. तो कोरा असला, की मी खेळण्याची पिशवी बांधायला घेते. काळा असला, तर पिशवी घेऊन मीच येते.