तुटलेल्या सुतावरचं नाव

ताण्यातलं उभं सूत तुटलं की आक्का आधी माग बंद करायची. दोन्ही टोकं थुंकीनं ओली करून गाठ मारायची, बोटानं ओढून बघायची आणि मग देवीला म्हणायची, "हे जोडलं, आई. आता त्या अमक्याचं बघ." अमक्याच्या जागी रोज निराळं नाव असायचं. तिचं स्वतःचं कधीच नसायचं.

वडगावात आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. तिकडे तिचा माग, इकडे माझं स्वयंपाकघर. तुम्ही कधी मागाशेजारी राहिला असाल तर ठाऊक असेल, त्या खडखडाटाची इतकी सवय होते की तो थांबला की दचकायला होतं. मी मात्र भाजी चिरता चिरता समजायचे, आता कुणाचं तरी भलं चाललंय.

ही सवय काही तिच्या अंगची नव्हती. तिनंच सांगितलं होतं. "आधी सूत तुटलं की तोंडात शिवीच यायची. सासूनं एकदा कानडीत असं झापलं. म्हणाली, तोंड उघडायचंच हाय तर कुणाच्या तरी चांगल्याला उघड." सुरुवातीला म्हणे आधी शिवी जायची आणि मागोमाग नाव. "ज्येचं नाव त्येलाच शिवी लागली का काय, म्हणून परत माफी मागायची मी." हे सांगताना ती इतकी हसायची की पदरानं डोळे पुसावे लागायचे.

हळूहळू गल्लीनं तिची सवय आपल्या कामाला लावली. बायका खिडकीशी येऊन नावं देऊन जात. सांबऱ्याच्या पोराची नोकरी, निपाणीला दिलेल्या लेकीचं बाळंतपण, कुणाची चोरीला गेलेली स्कूटर.

"स्कूटरीसाठी बी?" मी विचारलं.

"व्हय की. तिला तरी दुसरं कोण हाय?"

कधी सूत चांगलं लागलं तर खिडकीतूनच सांगायची, "आज तुटंनाच झालंय गं. तुझं दुपारी बघू." काम झालं की पेढे देवळात जायचे. आक्काला सांगायला कुणी फिरकायचं नाही. तिला त्याचं काही नव्हतं, मला होतं.

मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला हृदयाचा त्रास झाला. त्याची बायको खिडकीचे गज धरून रडली. त्या दिवसांत सूत कच्चं आलं होतं, सारखं तुटायचं. कापड निघत नव्हतं, तरी आक्का खुशीत. "त्येच्या नशिबानंच असलं सूत आलंय बघ." प्रत्येक गाठीला त्याचंच नाव.

तो गेला. तेराव्याला पानं वाढलेली असताना बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "तुटलेल्या सुतावर माझ्या मालकाचं नाव घेतलं हिनं. मग दुसरं काय हुणार?" आक्काचा हात पानातच राहिला.

मी सांगून बघितलं. अगं, गाठ बसल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, नाव जोडलेल्या सुतावर घेते. कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवसापासून त्याच बायका त्याच खिडकीशी यायला लागल्या, नावं परत घ्यायला. "आमच्यातल्या कुणाचं घिऊ नगं, आक्का." निपाणीच्या लेकीचं पोर एव्हाना रांगत होतं, तरी त्या लेकीचंही नाव परत नेलं. पेढ्यांच्या वेळी ज्यांना हे घर सापडलं नव्हतं, त्यांना आता बरोबर सापडलं.

त्यानंतर माग थांबायचा आणि भिंतीपलीकडून काहीच ऐकू यायचं नाही. एकदा मी जाऊन विचारलं, "आक्का, आता कुणाचं घेतीस?"

"कुणाचं न्हाय. सवय लई वाईट गं. गाठ मारली की तोंड उघडतंय. मग मिटून घ्यायचं. शिवी द्यावी म्हटलं, तर ती बी येईना."

"मग माझं घे."

मी चालू मागात हात घालतेय अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं. "नगं. तुला काय झालं तर?"

गल्लीनं तिच्या तोंडातली नावं काढून घेतली, ते एक वेळ सोसलं असतं. पण तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. त्याची चीड माझ्या मनातून अजून जात नाही.

पुढं तिच्यानं उभं राहवेना, तेव्हा कोगनोळीची भाची तिला घेऊन गेली. माग विकला. परवा भाचीचा फोन आला. आत्या गेली. "शेवटी शेवटी नुसती तोंड उघडायची आन् मिटायची. पाणी मागतीया वाटून आम्ही चमचा लावायचो. प्यायची न्हाय."

नळावर मी बातमी सांगितली. "सुटली बिचारी," बायका म्हणाल्या आणि त्यांनी आपापल्या घागरी पुढं सरकवल्या. किराणावाली मात्र जवळ आली आणि हळूच म्हणाली, "जाताना कुणाचं नाव घेतलं न्हाय न्हवं तिनं?"

"घेतलं की," मी म्हणाले. "तुझंच."

तिची घागर भरून वाहत होती, तरी तिनं नळ बंद केला नाही.